शिक्षा झाली, म्हणजे खून त्यानेच केला का?



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. पंचनामा आणि साक्ष यांवर आम्ही बोललो, त्यानंतर बऱ्याच जणींनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. खालच्या कोर्टाने खुनासाठी फाशी दिली, वरच्या कोर्टाने ती कायम केली, आणि दहा-पंधरा वर्षांनी पेपरात येते की माणूस निर्दोष सुटला. मग खरे काय धरायचे? एकीने तर सरळ सांगितले, "पोलिसांनी धरल्यानी म्हंजे कायतरी केल्यानच आसतला." हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकले आहे. म्हणून आज आम्ही एक खरा खटला सांगणार आहोत. खटला आपल्या जिल्ह्यातला नाही, नाशिकचा आहे. पण आपल्याच राज्यातला आहे, आणि त्यात जी बाई आहे तिच्याकडे नीट लक्ष द्या.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत झोपडी होती, तिथे एक कष्टकरी कुटुंब राहत होते. रात्री काही माणसे घरात शिरली. पैसे-दागिने घेतले, मारहाण केली, घरातल्या बायकांवर अत्याचार केले. पाच माणसे मेली, त्यांत एक पंधरा वर्षांची मुलगी होती. घरातली आई आणि तिचा एक मुलगा जबर जखमी झाले, पण वाचले. या दोघांच्या डोळ्यांदेखत सगळे घडलेले. म्हणजे पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर याहून भक्कम खटला कुठला? डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार, तेही घरचेच.

काही दिवसांनी पोलिसांनी सहा जणांना पकडले. भटक्या जमातीतली, मजुरी करून खाणारी माणसे. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेप केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. फेरविचाराचा अर्ज केला, तोही फेटाळला गेला. म्हणजे तीन पायऱ्या चढून झाल्या, तिन्ही पायऱ्यांवर एकच उत्तर आले की हेच गुन्हेगार. आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाने यानंतर शंका घ्यायची ती कशाच्या आधारावर?

पुढे जे घडले ते एका वेगळ्या निकालामुळे. पूर्वी फाशीच्या खटल्यातला फेरविचार अर्ज न्यायाधीश आपल्या दालनात नुसते कागद वाचून निकालात काढत, वकिलाला उभे राहून बोलता येत नसे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा असा अर्ज उघड्या कोर्टात, तीन न्यायाधीशांपुढे, वकिलाचे म्हणणे ऐकूनच ठरवायचा. त्या नियमाने या सहा जणांची फाईल पुन्हा उघडली. आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले.

फाईलमध्ये नवे काही सापडले नव्हते. जुन्याच कागदांत एक गोष्ट होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, त्या जखमी आईला पोलिसांनी नामचीन गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातली चार माणसे ओळखली होती. ते चौघे या सहा जणांपैकी कोणीही नव्हते. त्यांची माहिती पोलिसांच्या दप्तरात होती, तरी त्यांना पकडले नाही, त्यांचा तपासही पुढे गेला नाही. खटला उभा राहिला तो नंतर या सहा जणांना ओळखल्याच्या साक्षीवर.

जरा थांबून विचार करा. घरातली माणसे डोळ्यांपुढे मेलेली, अंगावर जखमा, आणि अशा अवस्थेत त्या बाईने अल्बम चाळून चार तोंडांवर बोट ठेवले. सगळ्यांत ताजी आठवण ती होती. तिचे ते पहिले सांगणे कोणी मनावर घेतलेच नाही. म्हणून आम्हाला वाटते की या खटल्यात अन्याय सहा जणांवर झाला असे म्हणणे अर्धे आहे. त्या आईवरही झाला. सोळा वर्षे तिला वाटत राहिले असेल की आपल्या घराचा घात करणारे तुरुंगात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढले, त्या चौघांबाबत पुढचा तपास करायला सांगितले, चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खात्यामार्फत कारवाई करायला सांगितले, आणि सरकारने सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षांचे ५ लाख. गणित तुम्हीच करा. त्या सहातला एकजण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे मधल्या काळात निघाले होते. म्हणजे त्याला फाशी देता येतच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, त्या आईने नंतर या सहांना कसे ओळखले? ती खोटे बोलली का? आम्हाला तसे वाटत नाही. आठवण ही माळ्यावर ठेवलेल्या पेटीसारखी जशीच्या तशी राहत नाही. आपण परवा बाजारात सुरमई कोणाकडून घेतली, तिचे लुगडे कुठल्या रंगाचे होते, हे दोघींना विचारा, दोन उत्तरे येतील. त्यात भीती, अंधार आणि मार यांची भर घाला. पोलिसांनी माणसे पकडली आहेत हे कळले, की मन आपोआप त्या चेहऱ्यांशी आठवण जुळवू लागते. साक्षीदार प्रामाणिक असतो आणि तरी चुकतो. म्हणूनच कायद्यात ओळख परेड आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर, सारख्या वयाच्या आणि सारख्या बांध्याच्या इतर माणसांत आरोपीला उभे करून साक्षीदाराला ओळखायला लावतात. त्याआधी साक्षीदाराने आरोपीला पाहिलेले असता कामा नये, ही त्यातली मुख्य अट.

इथे आपल्या गावातली एक सवय सांगायलाच हवी. कुठे चोरी झाली, घरफोडी झाली, की संशयिताचा फोटो तासाभरात व्हॉट्सॲपवर सगळ्या वाडीत फिरतो. आपल्याला वाटते आपण पोलिसांना मदत करतो आहोत. पण साक्षीदाराने तो फोटो मोबाइलवर पाहिला असेल, तर नंतरची ओळख परेड फुकट जाते. खरा गुन्हेगार असेल तर त्याच्या वकिलाच्या हाती आयते कोलीत मिळते. गुन्हेगार नसेल तर साक्षीदाराच्या मनात चुकीचा चेहरा पक्का बसतो. दोन्हीकडून नुकसानच. तसे फोटो पुढे पाठवू नका.

आणि बघा, संशय पहिल्यांदा कोणावर जातो? गावात पाल टाकून राहिलेल्या माणसांवर. डोंबारी, पारधी, वडार, कातकरी, नाहीतर परप्रांतातून बोटीवर कामाला आलेला खलाशी. हा संशय आपल्या मनात कुठून आला त्यालाही इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींनाच जन्मापासून गुन्हेगार ठरवले होते. १९५२ साली तो कायदा गेला, त्या जमातींना आज आपण विमुक्त म्हणतो. कायदा गेला, पण "त्यांचेच काम असणार" हे बोलणे काही गेले नाही. नाशिकच्या खटल्यातले सहा जण भटक्या जमातीतले होते आणि चांगला वकील करायची त्यांची ऐपत नव्हती, ही गोष्ट आम्हाला योगायोगाची वाटत नाही.

मग शिक्षा झालेल्या माणसाबद्दल शंका घ्यायची तर ती कशी घ्यायची? त्याची बायको रडते म्हणून नाही. तो शाळेत असताना गरीब होता, देवळात भजनाला यायचा म्हणूनही नाही. आणि उलट बाजूनेही तसेच. तो दारू पितो, भांडखोर आहे, म्हणून खून त्यानेच केला असे होत नाही. आपल्या मालवणीत आपण म्हणतो, "तेनाच केल्लो आसतलो." या "आसतलो"त अंदाजही बसतो आणि खात्रीही बसते, त्यामुळे गप्पांत चालून जाते. कोर्टात चालत नाही. १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट करून ठेवला आहे. "केला असेल" आणि "केलाच असला पाहिजे" यांच्यात मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पुराव्याने भरून निघाले तरच शिक्षा.

म्हणून प्रश्न साधे ठेवावेत. कोणी पाहिले, किती उजेडात, किती वेळाने सांगितले? पहिल्या दिवशीचा जबाब आणि कोर्टातला जबाब जुळतो का? वस्तू सापडली ती कोणाच्या समोर सापडली? कबुली दिली म्हणतात, ती कोणापुढे दिली? पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा म्हणून धरतच नाहीत. इंग्रजांच्या काळापासून तसे आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही तसेच आहे. कोठडीत माणसाकडून काय काय वदवून घेता येते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

कबुलीवरून जपानची एक हकीकत सांगतो, कारण ती स्वयंपाकघरातून कळण्यासारखी आहे. जपानात मिसो नावाचा पदार्थ करतात. सोयाबीन शिजवून, मीठ घालून, मोठ्या टाक्यांत महिनोन्‌महिने आंबवतात. १९६६ साली अशा एका मिसोच्या कारखान्यातल्या अधिकाऱ्याच्या घरात चार जणांचा खून झाला. कारखान्यातल्या इवाओ हाकामादा नावाच्या कामगाराला पकडले. तो पूर्वी मुष्टियोद्धा होता. रोज बारा-बारा तास चौकशी करून विसाव्या दिवशी त्याची कबुली घेतली. कोर्टात त्याने ती नाकारली. मग चौदा महिन्यांनी त्याच कारखान्याच्या टाकीत, मिसोत बुडालेले, रक्ताचे डाग असलेले कपडे सापडले, आणि ते त्याचेच आहेत असे ठरवून १९६८ साली त्याला फाशी सुनावली.

बांगडे साफ करताना पदराला रक्त लागले तर दुसऱ्या दिवशी त्याचा रंग कसा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. काळपट, तपकिरी. आता ते फडके वर्षभर खाराच्या बरणीत घालून ठेवा आणि काय होते पाहा. टाकीतल्या कपड्यांवरचे डाग तर लालसर होते! हाकामादाच्या बाजूच्या लोकांनी खरोखर मिसोत रक्ताचे कपडे बुडवून ठेवून पाहिले, डाग काळवंडले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या न्यायालयाने म्हटले की ते कपडे तपास करणाऱ्यांनीच बनवून ठेवलेला पुरावा होता, आणि त्याला निर्दोष ठरवले. तोवर तो ८८ वर्षांचा झाला होता. मधली जवळजवळ ४८ वर्षे तुरुंगात गेली, त्यातली बहुतेक फाशीची वाट बघण्यात, आणि डोक्यावर त्याचा परिणाम झाला तो झालाच. बाहेर लढली कोण? त्याची थोरली बहीण हिदेको. निकाल लागला तेव्हा ती ९१ वर्षांची होती.

आता अवघड भाग. आमच्यातल्याच काही जणींनी हा विषय घ्यायला हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे असे, की शंका-शंका करत बसलो तर बायकांना मारणारे सगळे सुटतील. घरात, चार भिंतींच्या आत मारलेल्या बाईला साक्षीदार कुठून आणायचा? ही हरकत खोटी नाही. जानेवारी २०१४ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या टर्मिनसवर उतरलेल्या एका तरुण इंजिनियर मुलीचा खून झाला. एका माणसाला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २८ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. स्टेशनवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण होते, पण त्यासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्रच सरकारपक्षाने दिलेले नव्हते. बाकीच्या साक्षीही डळमळीत निघाल्या. अकरा वर्षांनी त्या मुलीच्या आईबापांच्या हाती काय आले? राग येतोच. आम्हालाही आला.

पण हा राग कोणावर काढायचा ते ठरवताना घाई नको. प्रमाणपत्र जोडायचे काम न्यायाधीशांचे नव्हते. तपास कच्चा ठेवला, तर खरा गुन्हेगार असला तरी सुटतो आणि नसला तरी वर्षानुवर्षे सडतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

याहून जुना पुण्याचा खटला आहे, तो आम्हाला फार बोचतो. १९८२ साली लग्नाला चारच महिने झालेली एक मुलगी सासरी विषाने मेली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिचे दुःख होते. नवऱ्याला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. कारण तिने स्वतः विष घेतले असण्याची शक्यता पुराव्याने पुसली गेली नव्हती. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसेल तेव्हा परिस्थितीचा एकेक दुवा सिद्ध झाला पाहिजे, साखळी कुठे तुटता कामा नये, आणि आरोपी निर्दोष असण्याची कुठलीही वाजवी शक्यता उरता कामा नये, हे त्या निकालाने घालून दिले. आजही देशभर खुनाच्या खटल्यात त्याचाच दाखला देतात.

एका दुःखी मुलीच्या मरणातून आरोपींना उपयोगी पडणारा नियम निघाला, हे पचायला जड आहे. पण त्या मुलीने विष घेतले असेल तर तिला तिथवर कोणी आणले, हा प्रश्न उरतोच ना? त्याच काळात बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. १९८३ साली सासरच्या छळाचे ४९८-अ कलम आले. १९८६ साली हुंडाबळीचा वेगळा गुन्हा आला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा असा मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दाखवता आले, तर कायदाच नवऱ्याकडे आणि सासरकडे बोट दाखवतो. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८० व्या क्रमांकावर आहे. खुनाचा पुरावा सैल करा, असे त्या बायकांनी मागितले नाही. छळाला त्याच्या खऱ्या नावाने गुन्हा म्हणा, हे मागितले, आणि मिळवले. आमच्या मते तो रस्ता बरोबर होता.

शेवटी, ज्यांच्या घरातला माणूस शिक्षा होऊन आत आहे आणि ज्यांना मनापासून वाटते की चूक झाली, त्यांच्यासाठी थोडे कामाचे. अशा घरातल्या बायका लाजेने कोणाला विचारत नाहीत, म्हणून सांगतो.

निकालाची प्रत शिक्षा झालेल्या माणसाला फुकट मिळते, ती आधी हातात घ्या. आपल्याकडच्या खुनाच्या खटल्याचा निकाल ओरोसच्या सत्र न्यायालयात लागतो. त्यावरचे अपील उच्च न्यायालयात. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, आपला जिल्हा त्यात येतो. जन्मठेप असेल तर अपिलाला ६० दिवसांची मुदत, फाशी असेल तर ३० दिवसांची. मुदत गेली म्हणून हात टेकू नका, उशिराचे कारण सांगून अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नसतील तर तुरुंगात असलेल्या माणसाला, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तोच हक्क सगळ्या बायकांनाही आहे. ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करा. तुरुंगातूनही अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते.

वकिलाकडे जाताना "तो तसा नाही हो" एवढेच सांगू नका. त्या दिवशी तो कुठे होता, कोणाबरोबर होता, हजेरीपत्रक, बोटीची नोंद, फोनचे बिल, जे असेल ते घेऊन जा. आणि उद्या कोणी तुम्हाला पंच म्हणून बोलावले, तर कोऱ्या कागदावर सही करू नका. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहून घ्यायला सांगा, वाचून घ्या, मग सही करा. वाचता येत नसेल तर मुलीला नाहीतर शेजारणीला वाचायला लावा.

संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणजे काय, कैद्याला घरी कधी येता येते, हेही दोघींनी विचारले आहे. ते पुढच्या वेळी घेऊ. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे आम्हाला कळवा.